प्रौढ वयातील एडीएचडी: दोन तज्ज्ञांचे दोन अहवाल, शंका कोणावर घ्यावी?

निळी_वही (मूळ प्रश्न)

नमस्कार.

मी ३४ वर्षांची असून पुण्यात सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी करते. सध्या माझ्याजवळ दोन लेखी अहवाल आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. पहिला अहवाल एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा आहे. त्यांनी ऑनलाइन भेटींमध्ये माझ्याशी सविस्तर बोलून आणि प्रश्नावल्या भरून घेऊन 'प्रौढ एडीएचडी (अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता यांचा विकार), प्रामुख्याने अवधानाच्या अभावाचा प्रकार' असे निदान दिले व औषधांच्या विचारासाठी मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यास सुचवले. दुसरा अहवाल त्या मनोविकारतज्ज्ञांचा. त्यांनी झोप, भूक, मनःस्थिती आणि घरची परिस्थिती यांविषयी विचारले, संगणकावर अवधानाची एक चाचणी करून घेतली आणि 'एडीएचडीचे निकष पूर्ण होत नाहीत, दीर्घकालीन चिंताविकार, पूर्वी नैराश्याचा एक काळ' असे लिहून दिले. भेट संपताना ते म्हणाले, "दहावीला एवढे गुण मिळवणाऱ्या मुलीला एडीएचडी असण्याची शक्यता फार कमी." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

माझा त्रास कसा आहे ते सांगते. खात्यात पैसे असतात, फोन हातात असतो, तरी विजेचे बिल भरण्याची तारीख उलटून जाते. कार्यालयात एखादा अवघड दोष शोधायचा असेल तर मी तासन्‌तास जागची हलत नाही. मात्र त्याच दोषाविषयी दोन ओळींची नोंद लिहून पाठवण्याचे काम आठवडाभर रेंगाळते. बैठकीत समोरच्याची पहिली काही वाक्ये नीट ऐकू येतात आणि त्यानंतर एकदम "मग हे तू बघशील ना?" एवढेच कानावर पडते. मधल्या वेळात काय बोलणे झाले ते मला सांगता येत नाही, आणि पुन्हा विचारण्याचा संकोच वाटतो.

लहानपणाचे मला आठवते ते असे. आई साताऱ्याला प्राथमिक शिक्षिका होती. माझे दप्तर ती भरत असे, गृहपाठाला ती समोर बसत असे, परीक्षेचे वेळापत्रक तिच्या हस्ताक्षरात कपाटाच्या दारावर चिकटवलेले असे. इंजिनिअरिंगसाठी पुण्याच्या वसतिगृहात आले आणि दुसऱ्याच वर्षी केटी लागली. सबमिशनच्या आदल्या रात्री मैत्रिणीचे जर्नल समोर ठेवून सगळे प्रयोग एका बैठकीत उतरवून काढणे हा नेम झाला. नोकरीत सुरुवातीची वर्षे निभावली, कारण काम नेमून दिलेले असायचे. टीम लीड झाल्यावर मात्र इतरांच्या कामाचा मेळ घालणे माझ्याकडे आले आणि तेव्हापासून सारे विस्कटत गेले.

मला प्रामाणिकपणे विचारायचे आहे. दुसऱ्या अहवालावर मी घेत असलेली शंका रास्त आहे, की अपेक्षित उत्तर मिळाले नाही म्हणून मी तो नाकारत आहे? संगणकावरची चाचणी सामान्य आली म्हणजे विषय संपतो का? चिंता मला आहेच, ती मी नाकारत नाही. पण ती मूळ आहे की परिणाम, हे कसे ठरवतात? कोणाला अशा परस्परविरोधी निदानांचा अनुभव असेल तर कृपया लिहावे.

ओपीडीनंतर

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. तुम्हाला न पाहता तुम्हाला एडीएचडी आहे किंवा नाही, हे मी सांगणार नाही आणि इथे कोणी तसे सांगितले तर त्यावर विसंबू नये. मात्र कोणता अहवाल कशाच्या आधारावर उभा आहे, हे तुमच्या वर्णनावरून तपासता येते आणि माझ्या मते तेच आधी करायला हवे. दोन तज्ज्ञांपैकी खरा कोण, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा.

२०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानसंहितेत अवधानाच्या अभावाची नऊ आणि चंचलता-आवेग यांची नऊ अशी लक्षणे दिलेली आहेत. वयाच्या १७ वर्षांनंतर त्यांपैकी एका गटातील किमान पाच लक्षणे असावी लागतात. त्यांतील काही लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावीत (पूर्वीच्या आवृत्तीत ही मर्यादा सात वर्षांची होती), ती घर, शिक्षण, नोकरी यांपैकी एकाहून अधिक ठिकाणी आढळावीत, त्यांमुळे जगण्यात स्पष्ट अडथळा येत असावा, आणि दुसऱ्या एखाद्या मानसिक विकाराने त्यांचा अधिक चांगला उलगडा होत नसावा. प्रश्नावल्या यांतील पहिल्या अटीपुरत्याच उपयोगी असतात. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची जी प्रश्नावली सगळीकडे फिरते, तिच्या पहिल्या भागात सहा प्रश्न आहेत आणि ज्यांची सखोल तपासणी करायला हवी अशा व्यक्ती निवडणे एवढेच तिचे काम आहे. चिंताग्रस्त, झोप न झालेला किंवा खचलेला माणूसही तीत सहज 'होकारार्थी' ठरतो.

आता संगणकावरची चाचणी. पडद्यावर ठरावीक खूण दिसली की कळ दाबायची आणि दुसरी दिसली की थांबायचे, अशा प्रकारची ती असते. ती करताना खोली शांत असते, अनुभव नवा असतो, शेजारी कोणीतरी लक्ष ठेवून असते आणि काम थोड्या वेळात संपणार हे ठाऊक असते. नवी जागा, जवळची देखरेख, पडद्यावरची सततची उत्तेजना आणि एकास एक भेट यांमध्ये एडीएचडीची लक्षणे अगदी कमी किंवा नाहीशी झालेली दिसू शकतात, असे त्याच डीएसएममध्ये नोंदवलेले आहे. म्हणून सामान्य निकालाने एडीएचडी नाकारता येत नाही आणि असामान्य निकालाने तो सिद्धही होत नाही; चिंतेत आणि नैराश्यातही हे गुण घसरतात. निदान केवळ गुणांकनावर किंवा निरीक्षणावर ठरवू नये, त्यासाठी विकासाचा आणि मानसिक आजारांचा संपूर्ण इतिहास घ्यावा व इतरांकडून माहिती मिळवावी, असे इंग्लंडमधील नाइस या संस्थेची २०१८ची मार्गदर्शिका सांगते.

दहावीच्या गुणांविषयीचे विधान मला पटत नाही. चांगली बुद्धी आणि घरातली कडक शिस्त या दोहोंच्या आधाराने मुलगी शाळा पार करते आणि तो आधार सुटल्यावर अडचणी उघड होतात, हे आम्ही वारंवार पाहतो. त्यातही वर्गात धुडगूस न घालणाऱ्या, खिडकीबाहेर पाहत बसणाऱ्या मुलीला तपासणीसाठी कोणी आणत नाही. बालवयात निदान होणाऱ्यांत मुलांची संख्या बरीच जास्त असते. प्रौढांमध्ये स्त्री-पुरुषांतले हे अंतर खूप कमी होते, त्यामागे हेही एक कारण आहे.

तरीही पहिला अहवाल पक्का आणि दुसरा चुकीचा असा याचा अर्थ घेऊ नका. तुमच्या वर्णनानुसार पहिल्या तज्ज्ञांनी केवळ तुम्हालाच ऐकले. ३४ व्या वर्षी, त्रासात असताना आणि या विषयावर बरेच वाचून झालेले असताना सांगितलेले बालपण हा पुरावा आहे, पण एकट्याने तो पुरेसा नाही. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार जणांचा लहानपणापासून पाठपुरावा झाला. त्यावरचा २०१५ सालचा निबंध असे दाखवतो की, ३८ व्या वर्षी ज्यांच्यात एडीएचडीची लक्षणे पुरेशी आढळली, त्यांच्यापैकी बहुतेकांमध्ये बालपणी केलेल्या तपासणीत हा विकार आढळला नव्हता. त्याचा अर्थ काय यावर वाद झाला आणि तो अजून चालू आहे. पण प्रौढपणीची लक्षणे कितीही जुळली तरी बालपणाची चौकशी टाळता येत नाही, एवढे त्यातून नक्की समजते.

चिंता मूळ की परिणाम, हे काळाच्या क्रमावरून आणि विचारांच्या आशयावरून पाहतात. चिंताविकारात मन काळजीने व्यापलेले असल्यामुळे समोरचे निसटते; काळजी ओसरली की लक्ष परत येते. नैराश्य बहुधा कालखंडाने येते आणि त्याच्या आधीचा माणूस वेगळा असतो. एडीएचडीमध्ये असा 'आधीचा' काळ सापडत नाही. मन कशानेही व्यापलेले नसतानाही ते भरकटते, आणि वर्षानुवर्षे कामे निसटत राहिल्याने 'आज काय राहिले असेल' ही धास्ती नंतर जडते. अनेकांमध्ये दोन्ही विकार एकत्र असतात. तुमच्या बाबतीत केवळ 'हे की ते' असा विचार झालेला दिसतो, ही मला दोन्ही अहवालांतली उणीव वाटते.

माझी सूचना अशी. दुसऱ्या डॉक्टरांकडे परत जा आणि नेमका कोणता निकष पूर्ण होत नाही, हे शांतपणे विचारा. 'बालपणाचा पुरावा मिळाला नाही' असे ते म्हणाले तर तो पुरावा शोधता येईल. 'सर्व लक्षणे चिंतेने उलगडतात' असे म्हणाले तर कोणते लक्षण कधी सुरू झाले याची सनावळी मांडून दाखवता येईल. प्रश्न विचारल्याने चांगला डॉक्टर दुखावत नाही. त्यानंतरही तिसरे मत घ्यावेसे वाटले तर दोन्ही अहवाल त्या व्यक्तीच्या हाती द्या, एकही लपवू नका, आणि प्रौढांसाठीची 'दिवा' (DIVA) ही रचनाबद्ध मुलाखत किंवा तशीच सविस्तर चौकशी, घरच्या कोणाला सोबत बसवून, होईल असे पाहा. अपेक्षित उत्तर मिळेपर्यंत दारे बदलत राहणे मात्र टाळावे. सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, हेही पाहून घ्या.

पंचगंगाकाठ

ताई, मी कोल्हापूरचा. बँकेत नोकरीला आहे. माझे निदान चाळिशी उलटल्यावर झाले आणि त्याआधी माझ्याही कागदावर चिंताविकारच लिहिलेला होता, म्हणून लिहितो.

चिंतेसाठी मला गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही मिळाले आणि त्यांचा उपयोग झाला, हे मी आवर्जून सांगतो. छातीतली धडधड थांबली, रात्रीची झोप लागू लागली. पण त्यानंतरही लॉकरची किल्ली कुठे ठेवली ते आठवत नव्हते, आणि ग्राहकाचा अर्ज अर्धा भरून मी दुसऱ्याच टेबलाशी उभा असल्याचे लक्षात येत होते. हे मी माझ्या डॉक्टरांना जसेच्या तसे सांगितले, तेव्हा त्यांनी स्वतःहून तपासणीची दिशा बदलली. चिंतेवरचा उपचार घेतल्याने एडीएचडीचे दार बंद होते असे समजू नका. उपचारानंतर काय उरते, यावरून पुष्कळ कळते.

माझ्या बाबतीत निर्णायक ठरली ती माझी थोरली बहीण. मला वाटत होते की शाळेत मी ठीक होतो. तिने डॉक्टरांसमोर सांगितले की दुकानातून साखर आणायला पाठवले की मी रिकामी पिशवी घेऊन परत येत असे, कारण वाटेत कुठेतरी गोट्यांचा डाव मांडलेला असायचा; आणि हे इतके नेहमीचे होते की मला एकट्याला बाजारात पाठवूच नये असा घरचा नियम झाला होता. मला त्यातले काही आठवत नव्हते. आपले बालपण आपल्यापेक्षा थोरल्या भावंडांना जास्त ठाऊक असते. तुमच्या आई शिक्षिका आहेत. त्यांनी शेकडो मुले पाहिलेली आहेत, त्यामुळे त्यांची साक्ष मोलाची ठरेल. फक्त त्यांना "मला एडीएचडी होता का?" असे विचारू नका. "मी वर्गात कशी होते, माझ्या वस्तूंचे काय व्हायचे, तुला माझ्यासाठी काय काय करावे लागायचे?" असे विचारा आणि मधे न बोलता ऐका.

घरच्यांना हे पटायला वेळ लागतो, हेही सांगून ठेवतो. "आमच्या वेळी असले काही नव्हते" हे वाक्य मला वडिलांकडून ऐकावे लागले. त्यांच्याशी वाद घालण्यात मी शक्ती घालवली नाही.

खाडीपलीकडे

मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे, कारण माझ्या बाबतीत नकार देणारा अहवाल बरोबर निघाला.

मीदेखील प्रश्नावलीत बसत होते, वाचलेले प्रत्येक वर्णन माझेच वाटत होते आणि 'एडीएचडी नाही' असे सांगितले गेले तेव्हा मला अक्षरशः रडू आले, कारण स्वतःला आळशी न म्हणता जगण्याचे एक कारण हातातून गेल्यासारखे वाटले. त्या डॉक्टरांनी मला तसेच सोडून दिले नाही. त्यांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन, ब-१२ आणि लोह यांच्या तपासण्या लिहून दिल्या आणि माझ्या यजमानांना बोलावून माझ्या घोरण्याविषयी विचारले. झोपेची रात्रभराची तपासणी झाली तेव्हा झोपेत श्वास वारंवार अडत असल्याचे दिसले. झोपेत हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र लावून झोपू लागल्यावर काही महिन्यांत माझे लक्ष बऱ्याच अंशी परत आले. माझ्या शाळेच्या दिवसांत विसरभोळेपणाची एकही खूण नव्हती आणि डॉक्टरांचा संशय तिथूनच सुरू झाला होता.

तुमची गोष्ट माझ्यासारखी आहे असे मी म्हणत नाही. वसतिगृहाचे वर्णन वाचून तर ती वेगळीच वाटते. परंतु या साध्या तपासण्या दोन्हीपैकी एकाही तज्ज्ञाने करून घेतल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. त्या करून घ्या. आणि दुसरा अहवाल बरोबर ठरला तरी तुमचा त्रास खोटा ठरत नाही, हे कृपया लक्षात असू द्या.

निळी_वही

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या. लोहाचा साठा कमी निघाला आहे आणि त्याचे उपचार सुरू केले आहेत. थायरॉइड व्यवस्थित आहे.

शनिवारी साताऱ्याला जाऊन आले. आईने जुन्या ट्रंकेतून माझी प्रगतिपुस्तके काढली. तिसरीच्या प्रगतिपुस्तकात बाईंचा शेरा आहे: 'आकलन उत्तम. वर्गकार्य अपूर्ण राहते. वस्तू हरवते.' चौथीत दुसऱ्या बाईंच्या हस्ताक्षरात जवळजवळ तेच आहे. पंचगंगाकाठ यांनी सुचवल्याप्रमाणे मी आईला मोकळे प्रश्न विचारले. ती म्हणाली की माझ्यासाठी दरवर्षी दोन कंपासपेट्या आणून ठेवायची आणि दुसरी वर्गशिक्षिकेकडे देऊन ठेवायची. हे मला आजपर्यंत ठाऊक नव्हते. तिने हे सांगितले ते तक्रारीच्या सुरात नव्हे, आणि ऐकताना मला फार भरून आले.

दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. जाण्यापूर्वी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. औषध घेऊन पाहावे आणि फरक पडला तर निदान बरोबर, असे एका सहकाऱ्याने सुचवले. यात तथ्य आहे का? आणि निदान झालेच, तर ते माझ्या कंपनीपर्यंत पोहोचू शकते का?

ओपीडीनंतर

प्रगतिपुस्तकांच्या छायाप्रती काढून सोबत न्या. दोन वेगवेगळ्या शिक्षिकांनी, कोणत्याही निदानाचा विचार मनात नसताना लिहिलेले शेरे हा प्रश्नावलीपेक्षा कितीतरी भक्कम पुरावा आहे. कंपासपेटीची गोष्ट आईंनाच डॉक्टरांसमोर सांगू द्या, फोनवरून का होईना. तिच्यावरून दोन गोष्टी दिसतात: अडचण त्या वयातही होती आणि ती बाहेरच्या आधाराने झाकली जात होती. गुणांविषयीच्या त्या विधानाला याहून चांगले उत्तर नाही.

औषधाच्या प्रतिसादावरून निदान करू नये. अमेरिकेत ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली असे दाखवले की, कोणताही विकार नसलेल्या मुलांनाही उत्तेजक औषध दिल्यावर त्यांचे अवधान सुधारते आणि हालचाल कमी होते. तेव्हा फरक पडला यावरून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय मिथाइलफेनिडेट हे औषध आपल्याकडे परिशिष्ट एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालील औषधांच्या यादीत येते. त्यासाठी दोन प्रतींत लिहिलेली चिठ्ठी लागते, एक प्रत औषधविक्रेत्याला जपून ठेवावी लागते आणि असा परवाना असलेली दुकाने थोडी आहेत. सहकाऱ्याकडून मिळालेली गोळी घेऊन पाहण्याचा विचार कोणी सुचवला तर स्पष्ट नकार द्या. निदान पक्के झाल्यास सुरुवातीला रक्तदाब, नाडी आणि कुटुंबातील हृदयविकाराचा इतिहास पाहतात. अ‍ॅटोमॉक्सेटिन हा उत्तेजक नसलेला पर्याय आहे. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. चिंताविकार सोबत असला तर बहुधा जो त्रास अधिक तीव्र असेल त्याच्यापासून सुरुवात करतात. डॉक्टरांनी आधी चिंतेवर उपचार सुचवले तर तो तुमच्या बोलण्यावरचा अविश्वास समजू नका. लोहाची कमतरताही थकवा आणि विस्मरण वाढवते, म्हणून ती भरून निघेपर्यंत अंतिम निष्कर्षाची घाई नको.

कंपनीविषयी: मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार तुमच्या आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा तुम्हाला हक्क आहे. तुमच्या संमतीवाचून डॉक्टर ती नियोक्त्याला देऊ शकत नाहीत; कायद्याने सांगितलेले अपवाद अगदी मोजके आहेत आणि ते तुमच्या परिस्थितीला लागू होत नाहीत. मात्र कंपनीच्या समुपदेशन योजनेतून किंवा गटविम्यातून खर्चाची मागणी करणार असाल तर कोणते कागद कोणाकडे जातात, ते आधी विचारून घ्या. याच कायद्याने स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्कही दिलेला आहे. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे केवळ निष्कर्षाचे पान न मागता संगणकीय चाचणीचा संपूर्ण निकाल आणि मुलाखतीच्या नोंदीही लेखी अर्ज करून मागा. तिसऱ्या तज्ज्ञांकडे जाण्याची वेळ आली तर त्यांना नुसता निष्कर्ष फारसा उपयोगी पडत नाही, या नोंदी पडतात.